काजऱ्याचे विष आणि मुंबईची कुत्री

माझगाव जेव्हा आंबरायांसाठी प्रसिद्ध होते, त्या काळी, 1832 च्या जूनमध्ये, बेवारशी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी रयतेने कोटात दंगा केला, आणि दोनच वर्षांत भुलेश्वरास पांजरपोळ उभी राहिली. तेव्हाचे हत्यार सोटा होते. काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्निन मांसात कालवून पसरण्याची नगरपालिकांची पुढली रीत त्याहून मुकाट, म्हणूनच अधिक निर्दय होती. हे विष भिनलेले जनावर बहुधा तासा-दोन तासांत ताठरते, पाय काठीसारखे होतात, भांडे वाजले तरी आचके येतात. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून ओकविण्याचा घरगुती अट्टाहास घातकच. अंधार व निःशब्दता राखून त्यास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे, आणि त्यासाठी माझगावकरांस परळचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून जवळच आहे.