जो लुई : जिवंतपणी वसुली, मृत्यूनंतर मानवंदना

१/ १२ एप्रिल १९८१ रोजी जो लुई यांचे लास व्हेगस येथे निधन झाले. वय ६६ वर्षे. आदल्याच दिवशी ते चाकांच्या खुर्चीतून लॅरी होम्स यांची जगज्जेतेपदाची लढत पाहण्यास आले होते. २१ एप्रिलला वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचे दफन झाले.

२/ तेथील नियमांनुसार लुई या सन्मानास पात्र नव्हते. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांच्यासाठी नियम शिथिल केला. मात्र ज्या शासनाने हा मान दिला, त्याच शासनाच्या करखात्याने या माणसाच्या मागे अनेक वर्षे तगादा लावला होता. लुई यांचे स्मरण करताना या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

३/ जोसेफ लुई बॅरो यांचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यात, कापसाच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आजोबा-पणजोबांची पिढी गुलामगिरीत जन्मलेली. १९२६ मध्ये हे कुटुंब उत्तरेकडे, मोटारींच्या कारखान्यांचे शहर असलेल्या डेट्रॉइटला आले. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे मुलगा व्यायामशाळेत भरत असे, ही कथा तेथे आजही सांगितली जाते.

४/ त्या काळात कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला केवळ प्रतिस्पर्ध्याशी लढून भागत नव्हते. जॅक जॉन्सन हे १९०८ मध्ये पहिले कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेते झाले. पराभूत गोऱ्यांची ते उघड थट्टा करीत आणि गोऱ्या स्त्रियांसोबत निःसंकोच वावरत. १९१० मध्ये त्यांनी जिम जेफ्रीज यांना हरविले, तेव्हा अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. १९१५ मध्ये त्यांचे पद गेले आणि पुढील २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढू दिले गेले नाही.

५/ म्हणून लुई यांच्या व्यवस्थापकांनी त्यांच्यासाठी एक आचारसंहिताच आखली. गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढावयाचे नाही. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर हसावयाचे नाही. लढत जिंकली तरी चेहरा निर्विकार ठेवावयाचा. ज्या गांभीर्याबद्दल पुढे वृत्तपत्रांनी त्यांची वाहवा केली, त्याचा बराचसा भाग असा भीतीतून घडविलेला होता.

६/ २२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जेम्स ब्रॅडॉक यांना आठव्या फेरीत नॉकआउट करून लुई जगज्जेते झाले. १९४९ मध्ये निवृत्ती जाहीर करेपर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. सुमारे १२ वर्षांत २५ वेळा त्यांनी ते यशस्वीपणे राखले. हेवीवेट गटात हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही.

७/ तरीही मनात एक सल होता. १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंग यांनी त्यांना १२ व्या फेरीत नॉकआउट केले होते. हिटलरच्या राजवटीने तो विजय वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरविला. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचे सदस्य नव्हते आणि त्यांचे अमेरिकी व्यवस्थापक जो जेकब्स ज्यू होते. प्रचारयंत्रणेला मात्र असल्या तपशिलांचे सोयरसुतक नव्हते.

८/ २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हा भेटले. श्मेलिंग तीनदा कोसळले आणि २ मिनिटे ४ सेकंदांत लढत संपली. त्या रात्री गोऱ्या अमेरिकेने प्रथमच एका कृष्णवर्णीयाला संपूर्ण देशाचा प्रतिनिधी मानले. त्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र त्याला गोऱ्यांच्या उपाहारगृहात प्रवेश मिळाला नसता.

९/ पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, जानेवारी १९४२ मध्ये, बडी बेअर यांच्याविरुद्धच्या लढतीचे आपले मानधन लुई यांनी नौदलाच्या साहाय्य निधीस दिले. त्या नौदलात कृष्णवर्णीयांना तेव्हा जवळजवळ केवळ भोजनगृहातील चाकरीच मिळे. लगोलग ते सामान्य शिपाई म्हणून भूदलात दाखल झाले. मार्चमध्ये एब सायमन यांच्याविरुद्धच्या लढतीचे मानधनही त्यांनी भूदलाच्या निधीस दिले.

१०/ त्यांना कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या तुकडीत ठेवण्यात आले. युद्धकाळात त्यांनी सुमारे २० लाख सैनिकांसमोर प्रदर्शनीय लढती केल्या. कॅन्ससमधील फोर्ट रायली येथे शिक्षित कृष्णवर्णीय सैनिकांना अधिकारी-प्रशिक्षण नाकारले जात होते. लुई यांनी आपली ओळख वापरून ते प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत नेले. पुढे अधिकारी झालेल्या त्या सैनिकांपैकी एक जॅकी रॉबिन्सन. १९४७ मध्ये बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतील वर्णभेदाची भिंत याच रॉबिन्सन यांनी पाडली.

११/ १९४५ मध्ये लुई सार्जंट म्हणून सैन्यातून मुक्त झाले, तेव्हा छातीवर ‘लीजन ऑफ मेरिट’ हे पदक होते आणि डोक्यावर कर्ज. युद्धकाळात मोठी कमाई थांबली होती. आप्तांना आणि मित्रांना मदत करताना हात आखडता घेतला नव्हता. व्यवहार इतरांवर सोपविलेले होते. १९५० च्या सुमारास करखात्याने हिशेब मांडला, तो पाच लाख डॉलरांहून अधिक थकबाकीचा. व्याज चढत गेले आणि हा आकडा दहा लाखांच्या पुढे पोहोचला.

१२/ उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर तेव्हा सुमारे ९० टक्के कर होता. म्हणजे जुने देणे फेडण्यासाठी लढावे, तर नव्या कमाईवर नवे देणे उभे राहावे. तरी लुई पुन्हा रिंगणात उतरले. सप्टेंबर १९५० मध्ये एझार्ड चार्ल्स यांच्याकडून हरले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, रॉकी मार्सियानो यांनी त्यांना आठव्या फेरीत रिंगणाच्या दोरांबाहेर पाडले. मार्सियानो स्वतः लुई यांचे चाहते होते.

१३/ पुढे त्यांनी लुटुपुटूच्या व्यावसायिक कुस्त्याही केल्या. १९५३ मध्ये आई वारली, तेव्हा तिने मागे ठेवलेल्या काही शे डॉलरांवरही करखात्याने हात ठेवला. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी खात्याने वसुली त्यांच्या चालू उत्पन्नापुरती मर्यादित केली. अखेरच्या वर्षांत ते लास व्हेगसच्या ‘सीझर्स पॅलेस’मध्ये पाहुण्यांचे स्वागत करण्याच्या नोकरीत होते. एकेकाळचा जगज्जेता येणाऱ्याजाणाऱ्यांशी हस्तांदोलन करीत असे.

१४/ या पडत्या काळात जुना ‘शत्रू’ मात्र जवळ आला. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले चालू असता श्मेलिंग यांनी एका ज्यू परिचिताच्या दोन मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचविले होते. कित्येक वर्षे त्यांनी याची वाच्यता केली नाही. युद्धानंतर कोका-कोलाच्या व्यवसायात ते संपन्न झाले. १९५४ मध्ये ते लुई यांना भेटण्यास शिकागोला आले आणि मैत्री जडली. लुई यांच्या अंत्यविधीचा काही खर्चही त्यांनीच उचलला. २००५ मध्ये, ९९ व्या वर्षी, श्मेलिंग यांचे निधन झाले.

१५/ लुई यांच्या मृत्यूनंतर गौरव वाढतच गेला. १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यांच्या नावे सुवर्णपदक मंजूर केले. १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या मध्यवर्ती भागात त्यांचे स्मारक उभे राहिले : २४ फूट लांबीचा कांस्य हात आणि त्याची आवळलेली मूठ. त्याला चेहरा नाही. देशाला या माणसाकडून काय हवे होते, ते या शिल्पात नकळत उमटले आहे.

१६/ कर सर्वांना सारखाच हवा, हा युक्तिवाद चुकीचा नाही आणि लुई यांच्या व्यवहारांत हलगर्जीपणाही होता. परंतु योग्य कारण असेल तर नियम शिथिल करता येतो, हे आर्लिंग्टनच्या दफनाने शासनानेच दाखवून दिले. दोन लढतींचे मानधन आणि उमेदीची जवळजवळ चार वर्षे देशाला देणाऱ्या सैनिकाच्या बाबतीत ते कारण १९५० मध्येही उपलब्ध होते. तेव्हा ही उदारता दाखविली असती, तर ३७ व्या वर्षी मार्सियानो यांचे ठोसे खाण्याची वेळ त्यांच्यावर कदाचित आली नसती.