चित्रकोड्याची करवत आणि बेकारांचे हात

१/ जिगसॉ कोडे आपण सर्वांनीच लहानपणी जुळवले आहे. परंतु महामंदीच्या काळात अमेरिकेतील अनेक बेकारांच्या संसाराला याच कोड्याने हातभार लावला होता. त्या कोड्याची आणि ते कापणाऱ्या करवतीची ही कथा. #धागा

२/ प्रारंभ लंडनचा. १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने महोगनीच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवला आणि सीमारेषांवरून तो बारीक करवतीने कापला. मुलांनी तुकडे जुळवता जुळवता भूगोल शिकावा, हा हेतू.

३/ अशी करवत मूळची जडावकाम करणाऱ्या कारागिरांची. पाते अतिशय अरुंद, म्हणून ते वळणावर अडत नाही. फ्रान्समधील आंद्रे-जाकोब रुबो याच्या सुतारकामावरील ग्रंथात (१७६९ पासून प्रसिद्ध) असा कारागीर चित्रित आहे. तो बाकावर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, पायाने पकड आवळतो, एका हाताने करवत चालवतो आणि दुसऱ्याने लाकूड फिरवतो.

४/ एकोणिसाव्या शतकात शिवणयंत्राप्रमाणे पायाने चालणाऱ्या करवती आल्या. अमेरिकेत रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंची यंत्रे प्रसिद्ध होती. कार्यशाळेतील कौशल्य आता घरगुती छंद झाले. पुढे त्यांना विजेची मोटर लागली. आजची स्क्रोल सॉ ती हीच.

५/ १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता. काम गमावलेले सुतार, वास्तुविशारद आणि इतर अनेक जण घरच्या करवतीवर लाकडी कोडी कापू लागले. विकत घेणे न परवडणाऱ्यांना ग्रंथालये व औषधांची दुकाने ती भाड्याने देत.

६/ नवशिक्याची परीक्षा इथेच होती. चित्र आधीच प्लायवूडवर चिकटवलेले असे. एक काप चुकला की कागद, लाकूड आणि श्रम, सारेच वाया. म्हणून पहिले धडे हेच : पाते ताठ ताणावे, कारण ढिले पाते रेघ सोडते. दातांची टोके खालच्या बाजूस असावीत, अन्यथा लाकूड उसळते. लाकूड जोराने रेटू नये. वळणावर पाते जागीच राहते, फिरवायचे ते लाकूड. रुबोच्या चित्रातील कारागीरही हेच करतो.

७/ त्याच सुमारास साच्याने छापकाप होणारी पुठ्ठ्याची स्वस्त कोडी बाजारात आली. १९३३ च्या आरंभी कोड्यांची विक्री आठवड्याला एक कोटीपर्यंत पोहोचली. साच्यातून निघणारे प्रत्येक कोडे सारखेच. हाताने कापलेल्या प्रत्येक कोड्याची वळणे मात्र निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी कोडी मागे पडत गेली.

८/ पुठ्ठ्याच्या कोड्याला आज करवत लागत नाही, तरी त्याच्या नावात ती टिकून आहे. ‘जिगसॉ’ हे नाव मुळात करवतीचेच.

धागा समाप्त. आपल्या घरी जुने लाकडी कोडे असल्यास त्याचे छायाचित्र अवश्य जोडा.