नोंदवही आणि देह

जिंतूरमधील एखादी पारलिंगी स्त्री स्तनवर्धन शस्त्रक्रियेचा विचार करू लागते, तेव्हा तिच्यापुढील प्रश्न वरकरणी वैद्यकाचे आणि पैशाचे असतात. मात्र या गावाचा इतिहास ठाऊक असलेल्याला 'वैद्यकीय तपासणी' हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे वाचता येत नाही.

जिंतूर निझामाच्या राज्यात होते. त्या राज्यात फसली १३२९ मध्ये, म्हणजे १९१९ च्या सुमारास, 'नपुंसकां'विषयी एक कायदा झाला. मुले पळविण्याचा वा खच्ची करण्याचा संशय ज्यांच्यावर असे, त्यांची नावे नोंदवहीत चढू लागली. नोंदलेली व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेशात अथवा दागिने घालून दिसली, तर तिला वॉरंटाशिवाय अटक करता येई. नपुंसक कोण, हे कबुलीने किंवा वैद्यकीय तपासणीने ठरे. या साऱ्याचा साचा १८७१ च्या इंग्रजी गुन्हेगार जमाती कायद्याचा होता. जे लेणे अंगावर चढविल्याने स्वतःची ओळख पटे, तेच सरकारदरबारी गुन्ह्याचा पुरावा ठरे.

पुढे वैद्यकाची भूमिका पालटली. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण झाले. पारलिंगी आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत शस्त्रक्रियेपूर्वी किमान बारा महिने स्त्री-संप्रेरके घेण्याची शिफारस केली. नैसर्गिक वाढ आधी पुरती व्हावी आणि परिणाम चांगला दिसावा, एवढाच तिचा हेतू होता. ती पात्रतेची अट नव्हती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाख रुपयांचे विमासंरक्षण देण्याचा करार केला. फसली १३२९ चा कायदा तेलंगण उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

तरीही नोंदवहीची सावली पुरती सरली, असे म्हणवत नाही. लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी सांगितले. असे असूनही २०१९ च्या कायद्याने 'स्त्री' वा 'पुरुष' अशा सुधारित प्रमाणपत्रासाठी शस्त्रक्रिया आणि रुग्णालयप्रमुखाचा दाखला मागितला. शतकापूर्वी देह तपासून संशय नोंदला जाई. आता देह तपासून मान्यता द्यायची. लेखणी मात्र दोन्ही वेळा दुसऱ्याच्याच हाती.

शस्त्रक्रिया कोणाला हवी असेल, कोणाला नको. ती न करणारीलाही तितकेच स्त्री मानले जाईल, तेव्हाच ती करणारीचा निर्णय खऱ्या अर्थाने तिचा स्वतःचा असेल.