छायाचित्राचा पुरावा आणि कॅमेऱ्याची जोडणी : शिराळा परिसराच्या संदर्भात एक विचार

छायाचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून मान्य होऊन बराच काळ लोटला आहे. तथापि कागदपत्राची परीक्षा करताना आपण शाई, कागद, लेखकाचे हस्ताक्षर व कालगणना ह्यांचा जो कसून विचार करतो, तो छायाचित्राच्या बाबतीत सहसा केला जात नाही. छायाचित्र कोणत्या यंत्राने घेतले, ते यंत्र कशाला जोडलेले होते आणि ते नेमक्या त्याच क्षणी का चालले, हे प्रश्न तंत्रज्ञांचे म्हणून बाजूला ठेवले जातात. एका पट्टिकेवर सामावलेले संगणक व त्यांना जोडावयाची लहान कॅमेरा मॉड्यूले ह्यांच्या प्रसारानंतर असे करणे धोक्याचे ठरेल, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुका घेतला आहे. कारण तेथील दोन प्राण्यांच्या अस्तित्वाची नोंद हा आज सार्वजनिक महत्त्वाचा विषय झाला आहे.

बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. शिराळ्याचा मुलूख ह्याच भागातला. येथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा करण्याची प्रथा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे व पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तिच्यावर निर्बंध आले. तालुक्याच्या पश्चिमेस वारणा नदीवर चांदोलीचे धरण असून त्याच्या जलाशयास वसंतसागर म्हणतात. त्या परिसरातील अरण्यास १९८५ साली अभयारण्याचा व २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० साली कोयना अभयारण्य व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. धरणासाठी व अरण्यासाठी येथील कित्येक गावे उठली. तेव्हा ह्या रानात वाघ आहे किंवा नाही, ही बाब केवळ प्राणिशास्त्राची राहत नाही. ज्यांनी गावे सोडली त्यांच्या त्यागाचे समर्थन अंशतः ह्याच उत्तरावर अवलंबून आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ पावलांचे ठसे व विष्ठा ह्यांसारख्या अप्रत्यक्ष खुणांवरून दिले जात होते. मे २०१८ मध्ये चांदोलीत वाघाचे छायाचित्र स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपले आणि प्रकल्पाच्या स्थापनेनंतर आठ वर्षांनी प्रत्यक्ष पुरावा हाती आला. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात पुन्हा वाघाचे छायाचित्र मिळाले. मधल्या पाच वर्षांचा अर्थ कसा लावावा? त्या काळात वाघ नव्हता असे म्हणावे, की तो यंत्रासमोर आला नाही असे म्हणावे? पुराव्याच्या अभावाचा अर्थ लावण्यासाठी पुरावा निर्माण करणाऱ्या यंत्राचे ज्ञान अपरिहार्य ठरते.

स्वयंचलित छायाचित्रणाचा इतिहास हा वास्तविक जोडणीचा इतिहास आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्री वन्यप्राण्यांची चित्रे घेतली व ती १९०६ साली 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन ह्यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून, तिला वाघाचा पाय लागताच कॅमेरा चालेल अशी योजना केली. त्यांचा ग्रंथ १९२७ साली निघाला. येथे प्राणी व कॅमेरा ह्यांच्यामधील दुवा म्हणजे ती तार होती. १९९० च्या दशकात के. उल्हास कारंत ह्यांनी नागरहोळे येथे वाघाच्या अंगावरील पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ केली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात व दोन्ही कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. पुढे तारेची जागा उष्णतेच्या संवेदकाने घेतली. सापळा-कॅमेऱ्यात सामान्यतः बसविलेला हा संवेदक पार्श्वभूमीपेक्षा भिन्न तापमानाचे शरीर समोरून हलले म्हणजे जागा होतो.

येथेच शिराळ्याच्या दुसऱ्या प्राण्याचा प्रश्न उपस्थित होतो. नागाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानानुसार बदलते. त्यामुळे उष्णतेच्या फरकावर चालणाऱ्या संवेदकास तो पुष्कळदा जाणवतच नाही. ज्या यंत्राने चांदोलीचा वाघ सिद्ध केला, तेच यंत्र शिराळ्याच्या नागाबाबत बहुधा मौन पाळील. अशा नोंदींच्या आधारे एखाद्याने पुढे 'ह्या रानात सर्प विरळ होते' असे विधान केले, तर तो दोष रानाचा नसून जोडणीचा असेल.

कॅमेरा घडविणे म्हणजे जोडणे, ही कल्पना ह्या भागास अपरिचित नाही. शिराळ्याच्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटर ह्यांनी आपले आतेमामे बंधू आनंदराव ह्यांच्यासह चलच्चित्रणाचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास काम तडीस नेले व महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा बोलपट-पूर्व काळातील चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. त्यांना यंत्राचा प्रत्येक भाग समजून घेऊन स्वतः घडवावा लागला. पुढील काळात कॅमेरा ही तयार, बंदिस्त पेटी झाली व तिच्या अंतरंगाशी वापरणाऱ्याचा संबंध उरला नाही. एकपट्टिका संगणकाने ही पेटी पुन्हा उघडली, हे त्याचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय.

ही उकल कशी घडली, ते थोडक्यात पाहू. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ ह्यांनी प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करणाऱ्या सीसीडी संवेदकाची कल्पना मांडली. १९९० च्या दशकात एरिक फॉसम व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत सीमॉस पद्धतीचा संवेदक विकसित केला. तो स्वस्त व कमी वीज खाणारा असल्यामुळे मोबाइल फोनमध्ये सर्वत्र पसरला. निरनिराळ्या कारखान्यांचे संवेदक व संस्कारक एकमेकांस जुळावेत म्हणून २००३ साली मिपी ही संघटना स्थापन झाली व तिने कॅमेऱ्यासाठी सीएसआय-२ हे प्रमाण ठरविले. केंब्रिजमध्ये शिक्षणाच्या हेतूने तयार झालेला रास्पबेरी पाय हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला आणि मे २०१३ मध्ये त्याच्यासाठी ५ मेगापिक्सेलचे कॅमेरा मॉड्यूल निघाले. २०१६ साली ८, तर २०२० साली १२.३ मेगापिक्सेलचे, भिंगे बदलता येणारे मॉड्यूल आले. २०२३ च्या आरंभी स्वयंकेंद्रण करणारे तिसरे मॉड्यूल आले. फोनसाठी घडलेला डोळा अशा रीतीने विद्यार्थ्याच्या टेबलावर सुटा उपलब्ध झाला.

जोडणीचे स्वरूप पुढीलप्रमाणे आहे. मॉड्यूल व संगणक ह्यांच्यामध्ये एक चपटी फीत असते. मूळ पट्टिकांवर तिच्यासाठी १५ पिनांची खोबण होती. लहान आकाराच्या पाय झीरोवर व २०२३ च्या पाय ५ वर ती २२ पिनांची व अधिक दाट आहे. म्हणून एका प्रकारची फीत दुसरीकडे बसत नाही, रूपांतर करणारी फीत घ्यावी लागते. फितीतून चित्राची माहिती अतिवेगाने वाहते. निराळ्या तारांवरून संगणक संवेदकास आज्ञा देतो व वीजही पुरवितो. वेग मोठा असल्यामुळे ही फीत आखूड ठेवणे इष्ट असते. लांबवर कॅमेरा न्यावयाचा असल्यास यूएसबीसारखा निराळा मार्ग पत्करावा लागतो. फीत बसविताना संगणकाची वीज बंद असावी, खोबणीचा खटका हळूच वर उचलावा, फीत सरळ आत सरकवावी व खटका पुन्हा खाली दाबावा. फितीच्या एकाच बाजूस धातूचे पट्टे असतात. ती उलटी बसली किंवा किंचित तिरपी राहिली तर संगणकास कॅमेरा सापडत नाही. रात्रीच्या कामासाठी अवरक्त गाळणी काढलेले मॉड्यूल २०१३ च्या ऑक्टोबरपासून मिळते. अवरक्त दिव्यांच्या प्रकाशात ते अंधारातही पाहू शकते, मात्र दिवसा त्याचे रंग विपरीत दिसतात. अशा चित्रातील पानांचा वा कातडीचा रंग पुरावा म्हणून घेणे चुकीचे होईल.

ह्या सुट्या रचनेमुळे 'केव्हा पाहावे' हा निर्णयही वापरणाऱ्याच्या हाती येतो. संगणकाच्या पिनांना उष्णतेचा संवेदक जोडता येतो. किंवा तो वगळून लागोपाठच्या चित्रांची तुलना करून हालचाल ओळखता येते. दुसऱ्या पद्धतीने नागासारखा प्राणीही नोंदला जाण्याची शक्यता निर्माण होते. ह्याची किंमतही आहे. गवत हलले, सावली सरकली तरी नोंद होते. शिवाय कॅमेरा सतत जागा ठेवावा लागल्यामुळे वीज भराभर संपते. तयार सापळा-कॅमेरा मात्र बहुतेक वेळ निद्रित राहून थोड्या सेलांवर कित्येक आठवडे तग धरतो. चांदोलीच्या मुसळधार पावसात उघड्या पट्टिकेचे रक्षण करणे हेही सोपे काम नव्हे. म्हणून वाघांच्या गणनेसाठी बंदिस्त पेटीच सोयीची ठरते, यात आश्चर्य नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास सर्वांत महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट घड्याळाची आहे. रास्पबेरी पायच्या पाय ५ पूर्वीच्या नेहमीच्या पट्टिकांवर वीज गेल्यानंतरही चालू राहील असे घड्याळ नव्हते. पाय ५ वर ते आहे, परंतु त्याची बॅटरी निराळी जोडावी लागते. संगणक महाजालाला जोडलेला असला म्हणजे वेळ तेथून घेतो. रानात महाजाल नसते. अशा ठिकाणी वीज खंडित होऊन यंत्र पुन्हा सुरू झाले, तर ते शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागते. चित्राच्या फाइलीत उमटलेला दिनांक तेव्हा खोटा असू शकतो आणि चित्राकडे पाहून ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. मोडी पत्रातील तारखेचा मेळ घालताना आपण शक, फसली व अरबी सन ताडून पाहतो. येथे घड्याळ कोणते होते एवढेही आपण विचारीत नाही.

आज्ञावलीचीही तीच गत आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ह्या संगणकाची कार्यप्रणाली बदलली व कॅमेरा चालविणाऱ्या जुन्या आज्ञांची जागा लिबकॅमेरा ह्या नव्या पद्धतीने घेतली. त्यापूर्वी लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या नव्या प्रणालीवर तशाच चालत नाहीत. प्रकाशमान व रंग ठरविण्याची रीतही बदलली. एकाच जागी, त्याच मॉड्यूलने, दोन वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांतील फरक हा निसर्गातील बदल आहे की आज्ञावलीतील, हे ठरविण्यासाठी आज्ञावलीची आवृत्ती ठाऊक असणे आवश्यक आहे.

बंदिस्त पेटीत हे सर्व निर्णय कारखान्याने आधीच घेतलेले असतात व ते बहुधा अज्ञात राहतात. उघड्या जोडणीत ते वापरणाऱ्याने घेतलेले असतात व म्हणून लिहून ठेवता येतात. परंतु ते लिहिले गेले नाहीत, तर उघडी जोडणी बंदिस्त पेटीहूनही अधिक भ्रामक ठरेल. कारण पेटीच्या सर्व प्रती निदान एकसारख्या असतात, हाताने जोडलेली यंत्रे मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी असतात.

म्हणून ज्या विभागांतून अशा साधनांनी क्षेत्रीय नोंदी घेतल्या जातात, त्यांनी प्रत्येक चित्रमालेबरोबर पाच गोष्टींची नोंद ठेवावी : मॉड्यूल कोणते व त्यात अवरक्त गाळणी होती की नाही, चित्र घेण्याचे निमित्त उष्णता होती, हालचाल होती की ठरावीक वेळ, घड्याळाचा आधार कोणता, आज्ञावलीची आवृत्ती कोणती, आणि यंत्र कोणत्या काळात बंद होते. ह्यांतील शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. २०१८ ते २०२३ ह्यांसारख्या रिकाम्या काळाविषयी उद्याचा अभ्यासक जेव्हा विचारील, तेव्हा रान मोकळे होते की यंत्र निजलेले होते, ह्याचे उत्तर त्याला ह्या एका ओळीतूनच मिळणार आहे.