करार-अंमलबजावणीचा खर्च
व्यापारी कराराचा भंग झाल्यावर न्यायालयामार्फत येणे वसूल करण्यासाठी वादीस करावा लागणारा खर्च म्हणजे करार-अंमलबजावणीचा खर्च होय. जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस २०२०’ अहवालात भारतासाठी तो दाव्याच्या रकमेच्या ३१ टक्के, तर कालावधी १,४४५ दिवस दाखवला होता. ही आकडेवारी केवळ मुंबई व दिल्लीची. तीत न्यायालय शुल्क, वकिलांचे शुल्क आणि हुकूमनाम्याच्या बजावणीचा खर्च मोजला जाई. तारखेसाठीचा प्रवास व बुडालेला धंदा नाही. वेंगुर्ल्याच्या काजू व्यापाऱ्याला मात्र हाच भार अधिक जाणवतो.

२०१८ च्या दुरुस्तीनुसार किमान ३ लाख रुपयांचे व्यापारी वाद व्यापारी न्यायालयांकडे जातात. त्याखालील थकबाकीसाठी नेहमीचा दिवाणी दावाच उरतो. सिंधुदुर्गातील पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.