दुष्काळाच्या यादीत नाव कोणाचे?

दुष्काळ पडला की गावच्या चावडीवर दोन प्रश्न निघतात. पाऊस केव्हा येणार हा पहिला. त्याचे उत्तर कोणापाशीच नसते. सरकारची मदत कोणाला मिळणार हा दुसरा. त्याचे उत्तर खरे म्हणजे कुठल्या तरी कागदावर लिहिलेले असते, पण तो कागद वाचलेला माणूस गावात सापडेल तर शपथ! मग एक म्हणतो, “ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच मिळतं.” दुसरा म्हणतो, “छे, ज्याच्यापाशी काहीच नाही त्यालाच.” तिसरा बजावतो, की बाबांनो, यंदा घ्याल ते पुढच्या साली फेडावे लागेल, तेव्हा हात लावू नका. आणि गंमत अशी, की तिघांचेही थोडे थोडे बरोबर असते.

असे का व्हावे? कारण ‘मदत’ हा शब्द एक असला तरी तिचे प्रकार निरनिराळे, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. जुन्या मुंबई इलाख्यातले प्रकार पाहा. तगाई म्हणजे कर्ज. १८८३ आणि १८८४ साली तिच्यासाठी दोन कायदे झाले, आणि ती व्याजासह फेडायची असे. तहकुबी म्हणजे शेतसाऱ्याची वसुली पुढे ढकलणे. सूट म्हणजे तो सारा कायमचा माफ. आता तहकुबीलाच सूट समजून शेतकरी निश्चिंत बसला, तर पुढच्या वर्षी दोन वर्षांचा सारा एकदम मागायला माणूस दारात उभा! शिवाय तहकुबी झाली तरी ती खातेदाराची. ज्याच्या नावाने सारा भरलाच जात नाही, त्या शेतमजुराला तिचा काय उपयोग? त्याच्यासाठी दुष्काळी काम, म्हणजे खडी फोडा, माती वाहा आणि मजुरी घ्या. आणि ज्याला कामच करवत नाही, त्या आंधळ्यापांगळ्या म्हाताऱ्यासाठी खैरात. एकाच गावात एकाच साली हे सगळे चालू असे, आणि लोकांच्या तोंडी मात्र एकच शब्द: मदत.

यातला सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे गरजू कोण, हे ठरवायचे कसे आणि ठरवायचे कोणी. त्याचा पहिला मोठा झगडा आपल्याकडे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात झाला.

१८७६ साली दख्खनात पावसाने दगा दिला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या भागांत पिके करपली. सरकारने कामे काढली; दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम त्यांतलेच. सुरुवातीला पुरुषाला २ आणे, बाईला दीड आणा आणि काम करण्याजोग्या मुलाला १ आणा असा रोज होता. कामे दोन तऱ्हेची होती. धडधाकट माणसांसाठी बांधकाम खात्याची मोठी कामे, ती बहुधा दूर. अशक्तांसाठी मामलेदाराच्या देखरेखीखालची हलकी कामे, ती गावाजवळ. धडधाकट कोण आणि अशक्त कोण, हे ठरवायचे माणसाकडे नुसते पाहून. महिनाभर अर्धपोटी राहिलेला गडी दिसायला धडधाकटच दिसतो हो! त्याला सांगायचे, जा अमक्या तालुक्यातल्या कामावर. मग त्याची म्हातारी, त्याची पोरे, दावणीला राहिलेले एखादे जनावर यांचे काय करायचे, हे त्याचे त्याने पाहावे.

अशात जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी पाठवले. या गृहस्थांची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात त्यांनी सढळ हाताने खर्च केला होता, सुमारे साडेसहा कोटी रुपये. माणसे वाचली, पण उधळपट्टी केली म्हणून साहेबांवर टीकेचा भडिमार झाला. तेच साहेब आता काटकसरीचा वसा घेऊन दख्खनेत उतरले. मजुरी उतरवण्यात आली: एक रतल धान्याची किंमत, आणि वर जेमतेम आणा-अर्धा आणा. एक रतल म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. तेवढ्या धान्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रास इलाख्यातही हेच माप लावले गेले. तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉक्टर कॉर्निश यांनी, इतक्या अन्नावर काम करणारा माणूस तग धरणार नाही, असे स्पष्ट लिहून कळवले होते.

मग झाले काय, की हजारो लोकांनी कामेच सोडली. त्या काळच्या लिखाणात याला चक्क संप म्हटले आहे. उपाशी माणसांचा संप! कोणी गावी परतले, कोणी वऱ्हाडाच्या नाही तर निजामाच्या मुलखाकडे चालू लागले. सरकारी तर्क मात्र सरळ होता. ज्याअर्थी हे काम सोडून गेले, त्याअर्थी यांच्या घरी खायला असणार; म्हणजे हे गरजू नव्हतेच. मजुरी आणि अंतर या दोन्ही गोष्टी सरकारच्या लेखी कसोट्या होत्या. जो इतक्या कमी मजुरीला, इतक्या दूर येईल, तोच खरा दुष्काळग्रस्त. न येणारा माणूस अंगात बळ नाही म्हणून येत नाही, की घरी कणगी भरलेली आहे म्हणून, हे त्या कसोटीने कळण्याचा मार्गच नव्हता. माझ्या मते त्या दुष्काळातली सर्वांत मोठी चूक हीच. धान्य कमी पडले हे खरे, पण पुष्कळ माणसे या चुकीच्या कसोटीने मारली.

पुण्याची सार्वजनिक सभा त्या वेळी सात वर्षांची होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगावच्या लोकांकडून पत्रे मागवली, हकीकती जुळवल्या आणि सरकारकडे एकामागून एक निवेदने धाडली. लोक काम का सोडतात, हे त्यांत सांगितलेले होते. याच सुमारास जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला पोरक्या, उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उघडले. नियमांच्या फटीतून पहिली खाली पडतात ती पोरेच.

या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज पुढे सरकारनेच नेमलेल्या कमिशनने १८८० साली दिला. त्या कमिशनच्या शिफारशींवरून दुष्काळाचे नियम बांधले गेले आणि प्रत्येक प्रांताचा ‘फॅमिन रिलीफ कोड’ तयार झाला. कामावर कोणाला घ्यावे, मजुरी धान्याच्या भावाशी कशी जोडावी, घरबसल्या मदत कोणाला द्यावी, हे सारे त्यात आले. आंधळे, पांगळे, वृद्ध, त्यांची शुश्रूषा करणारे, पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया, असे वर्ग पाडले गेले. नियम वाईट नव्हते. पण यादी करायची गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी, आणि पुस्तक होते इंग्रजीत. ज्याच्यासाठी नियम केला, त्याला तो नियम माहीतच नाही. मग कुलकर्णी सांगेल ती पूर्व दिशा!

१८९६ साली पुन्हा पाऊस हुकला, तेव्हा बाळ गंगाधर टिळकांनी नेमके हेच वर्म ओळखले. त्यांनी कोडातल्या तरतुदी मराठीत आणून त्यांच्या प्रती लोकांत वाटल्या. ‘केसरी’तून आठवड्यामागून आठवडे समजावून सांगितले, की ही खैरात नव्हे, हा सरकारनेच लिहून ठेवलेला कायदा आहे, तो मागा. सारा भरण्यासाठी सावकाराच्या दारी जाऊ नका, गुरेढोरे विकू नका. सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी सभा घेत हिंडली. आज आपल्याला यात काय विशेष, असे वाटेल. पण तेव्हाच्या अधिकाऱ्यांना ही चिथावणी वाटली. सभेच्या काही कार्यकर्त्यांवर खटले झाले, आणि १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. वादाचे मूळ एवढेच होते: पीक बुडाले तर साऱ्याची तहकुबी हा रयतेचा हक्क, की सरकारची मर्जी? सभा म्हणे हक्क. सरकार म्हणे मर्जी.

याच दुष्काळात सोलापूर आणि नगरच्या विणकरांचा पेच उभा राहिला. दुष्काळात कापड कोण घेणार? माग बंद पडले. शेत नाही, म्हणून तहकुबी नाही. हातपाय धड, म्हणून खैरात नाही. उरले खडी फोडणे. पण खडी फोडून ज्याचे हात खरबरीत झाले, त्याच्या बोटांना पुढे बारीक सूत झेपत नाही. म्हणजे मदत घ्यायची तर धंदा गमवायचा. वायव्य प्रांतात विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम देण्याचा मार्ग काढला होता, तसे इथे करावे म्हणून टिळक स्वतः सोलापूर-नगरला जाऊन खटपट करून आले. सरकारने सभेचा हात त्यात चालू दिला नाही.

आता आणेवारीकडे वळू, कारण तो शब्द आपल्या शेतकऱ्याच्या घराघरांत आहे. सोळा आणे म्हणजे पुरे पीक. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षीच्या साऱ्याची पूर्ण तहकुबी, असा नियम होता. वरवर पाहता किती सोपे! पण सोळा आणे म्हणजे नक्की किती मण? आणि शेतात उभे राहून आणे मोजायचे कोणी?

गुजरातेत खेडा जिल्ह्यात, जो तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता, १९१७ साली अतिवृष्टीने पीक गेले. सरकारी आकडा चार आण्यांच्या वर. शेतकऱ्यांचे म्हणणे, चारच्या खाली. गांधीजी म्हणाले, पंच नेमा. सरकारला ती मागणीच उद्धटपणाची वाटली. मार्च १९१८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, वल्लभभाई पटेल वकिली बाजूला ठेवून खेडोपाडी फिरू लागले. जप्त केलेल्या शेतातला कांदा काढून नेला म्हणून मोहनलाल पंड्यांना ‘डुंगळी चोर’, म्हणजे कांदाचोर, ही पदवी मिळाली, ती याच वेळची.

शिक्षक मंडळींनी मुलांना आवर्जून सांगावी ती त्या प्रतिज्ञेतली एक गोष्ट. ज्यांची सारा भरण्याची ऐपत होती, त्यांनीही तो भरायचा नाही, असे ठरले होते. का? तर ऐपतदाराने भरला, की गरीब घाबरून भांडीकुंडी विकतो आणि भरतो. सरकार जिल्ह्यात तहकुबी देईल, तर ऐपतदार आपला सारा पुरता भरतील, हेही प्रतिज्ञेत होते.

शेवट मोठा चमत्कारिक झाला. ऐपतदारांनी सारा द्यावा, गरिबांना तहकुबी मिळेल, असा हुकूम एप्रिलमध्येच निघाला होता. लोकांना तो कळला जूनमध्ये! तोवर जप्त्या चालूच. लढा संपला, पण गांधीजींना समाधान वाटले नाही. गरीब कोण हे ठरवण्याचा हक्क लोकांचा होता आणि तो त्यांना बजावता आला नाही, असे त्यांनी पुढे आत्मकथेत नमूद केले आहे.

पुढे आणे गेले आणि पैसे आले, तशी आणेवारीची पैसेवारी झाली. मोजणारे बदलले, तक्रार राहिली.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात गावोगाव कामे निघाली. मे १९७३ मध्ये कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सुकडी खाऊन खडी फोडलेल्या आयाबाया आजही आपल्यात आहेत. हजेरीपटावर नाव घालताना कोणी सातबारा मागत नव्हते. जो कामाला आला तो गरजू. तसे पाहिले तर ही कसोटी टेंपलसाहेबांचीच. पण वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात जे बीज लावले होते, त्यातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्या कसोटीचे तोंडच फिरले. खेड्यातल्या कोणाही प्रौढाने काम मागावे, पंधरा दिवसांत सरकारने ते द्यावे, न दिल्यास बेकारीभत्ता द्यावा. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. दूरच्या कामावर जा नाही तर उपाशी राहा, असे दख्खनच्या रयतेला ऐकवले गेले, त्याला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.