धेंपोची गोष्ट सांगणारी माणसं

डिचोलीत आधी फुटबॉल क्लब झाला की आधी मुक्ती आली, यावर आमच्या घरात दोन पक्ष होते. आजोबा म्हणायचे, क्लब आधी. पाकले, म्हणजे पोर्तुगीज, अजून पणजीत बसले होते, तेव्हाच पोरांनी वर्गणी काढून चेंडू आणला. भाईकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणायचे, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, लोकांच्या जिवात जीव आला आणि मगच कुणाला क्लब काढायचं सुचलं. साल १९६१, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत. चवथीला सगळं घर जमलं की गणपतीच्या माटोळीखाली बसून हा वाद दरवर्षी नव्याने व्हायचा आणि दरवर्षी आजी तो जेवणाची पानं मांडून मिटवायची.

क्लबाचं तेव्हाचं नाव बिशोलिम फुटबॉल क्लब. १९६६पर्यंत नावात खाणमालक धेंपो आले आणि आणखी दोन वर्षांत तो पुरता धेंपो स्पोर्ट्स क्लब होऊन पणजीचा झाला. पण आजोबांनी त्याला शेवटपर्यंत एकच नाव दिलं : ‘आमचो दिवचलचो क्लब.’ दिवचल म्हणजे डिचोली.

गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी, १८८३ साली, शिवोलीत. शाळेतल्या मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून. तिथून तो बार्देश आणि सासष्टीत चर्चच्या शाळांतून, चर्चसमोरच्या मैदानांतून, फेस्ताच्या दिवसांतल्या सामन्यांतून पसरला. आमची डिचोली, शेजारची सत्तरी, हा नव्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगिजांच्या हाती उशिरा आलेला मुलूख. इथला माणूस जत्रेत आणि दशावतारात रमायचा, रात्र रात्र जागून मराठी नाटक करायचा. चेंडू आमच्याकडे उशिरा पोचला, आणि आजोबांच्या सांगण्यानुसार तो पोचला खाणीच्या वाटेने.

आजोबा खाणीवर कारकून होते. पन्नासच्या दशकात गोव्याचं लोहखनिज जपानला जायला लागलं. डिचोलीच्या डोंगरातली तांबडी माती ट्रकमधून जेटीवर, तिथून बार्जमध्ये आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे. त्या कामावर बार्देशातून मेकॅनिक आले, ड्रायव्हर आले. संध्याकाळी पाळी सुटली की ते माती सपाट करून खेळायचे. आमची पोरं आधी कडेला उभी राहून बघायची. मग चेंडू बाहेर गेला तर आणून द्यायला लागली. मग एके दिवशी एक माणूस कमी पडला. आजोबा इथे थांबायचे आणि ऐकणाऱ्यांकडे एकदा नजर फिरवायचे. तो कमी पडलेला माणूस त्यांनी स्वतः भरून काढला होता.

खाणीची आणि फुटबॉलची ही सोयरीक पुढे साऱ्या गोव्याला लाभली. वास्कोत साळगावकरांचा क्लब १९५६पासून होता. नंतर धेंपो, सेझा. खाणमालकांनी खेळाडूंना पगार दिला, नोकरी दिली, त्यामुळे गावात खेळणाऱ्या मुलाला घरून ‘पोट कसं भरशील?’ हे ऐकावं लागलं नाही. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक आणि खेळाचे वेडे. त्यांच्या नावाच्या सुवर्ण करंडकासाठी सत्तरच्या दशकात बाहेरचे नामांकित संघ पणजीत यायचे, आणि त्या दिवशी डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची.

तरीही धेंपोचे सगळ्यांत मोठे दिवस गोव्याबाहेरच उगवले. छोट्या राज्यातल्या क्लबाचं हे असंच असतं. त्याला नाव मिळवायला मुंबईला, कोलकात्याला, बंगळूरला जावं लागतं. घरचे लोक घरी राहतात आणि तो पराक्रम बघतो तो पोटासाठी आधीच तिथे जाऊन राहिलेला माणूस.

आमच्या घरातला तो माणूस म्हणजे भाईकाका. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरून ते मुंबईत आले, गिरगावात एका चाळीत दोन गोंयकारांबरोबर राहिले आणि फोर्टातल्या एका कचेरीत लागले. धोबीतलावला जेर महाल इमारतीत गोव्यातल्या गावांचे कूड होते. बोटीवर नोकरी शोधायला आलेले बार्देश-सासष्टीचे ख्रिस्ती तरुण तिथे राहायचे. एरवी भाईकाकांचा आणि त्यांचा संबंध आला नसता. देऊळ वेगळं, ताटातलं वेगळं, वाचायचं वर्तमानपत्र वेगळं. पण रोव्हर्स चषकासाठी गोव्याचा संघ कुपरेजवर उतरला की हे सगळे एकत्र निघायचे. क्रॉस मैदान ओलांडून, ओव्हलच्या कडेकडेने, कोंकणीत मोठमोठ्याने बोलत. या माणसांना नेव्हिल डिसोझांचा अभिमान होता. मुंबईत खेळणारा हा गोंयकार १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून आला होता. पण नेव्हिल मुंबईच्या संघांचे. गोव्याहून आलेल्या गोव्याच्या संघाने रोव्हर्स जिंकावा, ही भूक वेगळी होती.

ती धेंपोने भागवली, १९७८ आणि १९७९ साली तर सलग. रोव्हर्स ही १८९१पासूनची स्पर्धा. गोऱ्या पलटणींनी, हैदराबाद पोलिसांनी, मोहन बागानने जिंकलेली. त्या यादीत धेंपो हे नाव लागोपाठ दोनदा लिहिलं गेलं. १९७८च्या विजयाच्या दुसऱ्या दिवशी डिचोलीत ‘गोमन्तक’ आणि ‘नवप्रभा’ हातोहात फिरले. पण आमच्या घरी खरा सामना पोचला तो काही दिवसांनी, भाईकाकांच्या आंतर्देशीय पत्रातून. निळ्या कागदाची एकही कड कोरी नव्हती. कोण कुठे उभा होता, पास कुठून निघाला, शिट्टी वाजल्यावर कोण रडलं, कुडातल्या कुणी कुणाला खांद्यावर घेतलं. आजोबांनी ते पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं आणि शेजारची माणसं उंबऱ्यावर येऊन बसली. मैदानावर न गेलेल्या त्या माणसांना पुढे तो सामना आपण पाहिल्यासारखा आठवायचा.  बाबांना दोन्ही वर्षांचे अकरा-अकरा पाठ होते, गोलरक्षकापासून आघाडीपर्यंत, आरतीच्या तालावर म्हणता येतील इतके.

आमचं घर धेंपोचं असलं तरी बाबांनी मला एका साळगावकरवाल्याबद्दल आदर बाळगायला शिकवलं. ते ब्रह्मानंद शंखवाळकर. १९८३-८४च्या संतोष करंडकात त्यांच्या कप्तानपदाखाली गोव्याने एकही गोल न खाता विजेतेपद मिळवलं होतं. बाबा सांगायचे, “क्लब आपापले. पण ब्रह्मानंद गोलात उभे राहिले की सगळ्या गोव्याने निर्धास्त झोपावं.”

मी बंगळूरला नोकरीला लागले तेव्हा भाईकाका निवृत्त होऊन डिचोलीला परतले होते. निघताना त्यांनी मला एकच सांगितलं, “धेंपो तिथे येईल तेव्हा जा आणि सगळं नीट बघून ठेव. आम्हांला सांगावं लागेल तुला.”

धेंपो आला तो ५ डिसेंबर २००४ रोजी, कंठीरवा मैदानावर, फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध. आम्ही मूठभर गोंयकार एका बाजूला बसलो होतो. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर, वय वर्षं २५, धेंपोची दहा नंबरची जर्सी. पहिला गोल त्याचा. दुसराही त्याचाच. तो गोल झाला त्याच क्षणी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो खाली पडला. आम्ही आधी नाचत होतो. मग नाचणं थांबलं. सहकारी त्याच्या छातीवर दाब देत होते, तोंडाने श्वास देत होते. तो उठला नाही. धेंपोने चषक २-० असा जिंकला आणि क्रिस्तियानो गेल्याची बातमी आम्हांला मैदानाबाहेर कळली.

रात्री मी घरी फोन लावला. बाबांनी तो भाईकाकांकडे दिला. टीव्हीवर त्यांनी पाहिलं होतं, तरी ते म्हणाले, “तू सांग.” मी सांगितलं, पहिल्या मिनिटापासून. त्याने चेंडू पायात कसा घेतला, गोल केल्यावर आमच्या बाजूला कसा धावत आला. भाईकाकांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, “त्याच्या आईला हे कोण सांगणार, तो किती सुंदर खेळत होता ते?” माझ्या मनात ते वाक्य कायमचं राहिलं. साक्षीदार असण्याचं ओझं काय असतं, ते मला त्या रात्री कळलं. धेंपोने दहा नंबरची जर्सी नंतर कुणाला दिली नाही.

त्याच हंगामात धेंपो राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. २००६-०७मध्ये पुन्हा. लीगचं नाव आय-लीग झालं, तर तिचा पहिला विजेताही धेंपोच. मग २००९-१०, मग २०११-१२. आठ हंगामांत पाच वेळा देशात पहिला. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेतो. २००८ साली हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. बाबांनी मला १९७८चे अकरा पाठ करायला लावले होते, तसे मी हे अकरा माझ्या भाच्याला पाठ करायला लावले. कुलासोंच्या संघात गोव्यातली मुलं एकमेकांना इतकी ओळखत होती, की पास देताना त्यांना मान वळवावी लागत नसे. असा संघ पैसे टाकून एका वर्षात उभा करता येत नाही. तो गावागावांतल्या मैदानांवर वीस वर्षं तयार होत असतो.

पुढची वर्षं डिचोलीला आणि धेंपोला, दोघांनाही कठीण गेली. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. दारातले ट्रक गंजले, बार्ज नदीत बांधून राहिले आणि माझ्या वर्गातल्या मुलांची धाकटी भावंडं मस्कतला, दुबईला, लंडनला गेली. इकडे २०१४ साली आयएसएल ही नवी लीग आली आणि देशाचं लक्ष नव्या संघांकडे वळलं. धेंपो २०१४-१५च्या हंगामात खालच्या श्रेणीत गेला, पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क त्याने मिळवला, पण भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्यात जुन्या क्लबांना मानाची जागा नाही म्हणून २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबनेही तेच केलं. तो निर्णय मला दुखला आणि तरीही पटला. पाच वेळा देश जिंकलेल्या क्लबाने स्वतःच्याच खेळात खालचा पाट स्वीकारू नये.

आता धेंपो फक्त गोव्याच्या लीगमध्ये खेळणार होता. बंगळूरला तो येणार नव्हता, टीव्हीवर दिसणार नव्हता. आमच्या घरातला सांगण्याचा प्रवाह तेव्हा उलटा वाहायला लागला. साठी ओलांडलेले बाबा बस धरून धुळेरच्या मैदानावर जायचे, कधी वास्कोच्या टिळक मैदानावर, आणि रात्री मला फोन करायचे. समोर थोडेच प्रेक्षक असायचे. बाबांचं वर्णन मात्र भरल्या मैदानाचं असायचं. कुठल्या गावचा मुलगा आहे, कुणाचा नातू, डाव्या पायाने कसा मारतो, अजून कुठे चुकतो. आठ वर्षं हे चाललं. मी एकही सामना पाहिला नाही आणि एकाही हंगामाला मुकले नाही.

२०२३-२४च्या हंगामात आय-लीगच्या खालच्या श्रेणीतून धेंपो वर आला. प्रशिक्षक होते समीर नाईक, त्या पाच विजेतेपदांच्या काळातले बचावपटू. या क्लबाचं काय मोल आहे, हे त्यांना कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नव्हती. आता सामने फोनवर दिसतात. मस्कतहून माझा भाचा बघतो, बंगळूरहून मी, डिचोलीहून बाबा. तरीही सामना संपला की आम्ही तिघं फोनवर येतो आणि पाहिलेलंच एकमेकांना पुन्हा सांगतो. तसं सांगितल्याशिवाय सामना पुरा झाला असं वाटत नाही.

चषक कपाटात राहतात, विजेत्यांच्या याद्या नोंदवहीत राहतात. पण १९७८ साली कुपरेजवर कोण रडलं, क्रिस्तियानो गोल करून कुणाच्या दिशेने धावला, रिकाम्या धुळेरवर कुठला पोरगा पहिल्यांदा चमकला, हे फक्त माणसांपाशी असतं, आणि माणसं जातात. भाईकाका गेले तेव्हा त्यांच्याबरोबर कुडातली कितीतरी नावं गेली, जी मी विचारून घेतली नव्हती, कारण पत्रात सगळं आलं आहे असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. म्हणून आता मी बाबांकडून प्रत्येक सामना लिहून घेते, तारीख आणि नावांसकट. मुंबईत, पुण्यात, आखातात, जिथे जिथे गोंयकार आहेत तिथे रोव्हर्सचे ते दोन विजय पाहिलेले कुणीतरी आजोबा, कुणी मामा अजून असतील. त्यांना या आठवड्यात फोन लावा. संघ विचारा, गोल कसा झाला ते विचारा, आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.